ख्रिस्ती श्रद्धा आणि सामाजिक न्याय : मंडळीने प्रार्थना करावी, की प्रश्नही विचारावा?

मोहरीचा दाणा (धागाकर्ता)

ख्रिस्ती श्रद्धा आणि सामाजिक न्यायाची तळमळ या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी आणि एकाच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकीने दुसरीला गिळून न टाकता, कशा नांदू शकतात याविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. न्यायाची काळजी ही श्रद्धेला बाहेरून जोडलेली पुरवणी आहे असे मला वाटत नाही; ती श्रद्धेच्या पोटातूनच येते. हे म्हणणे सोपे आहे, मंडळीच्या रोजच्या व्यवहारात ते उतरवणे अवघड आहे, आणि त्या अवघडपणाबद्दल मला जाणकारांशी बोलायचे आहे.

हा प्रश्न ज्यामुळे टोकदार झाला तो प्रसंग थोडक्यात सांगतो. आमच्या प्रार्थनासभेत घरकाम करणारी एक बहीण उठून उभी राहिली आणि अडकलेली मजुरी मिळावी म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी, अशी विनंती तिने केली. तिने कोणाचेही नाव घेतले नाही. बोलताना ती हातातल्या गीतांच्या पुस्तकाचा कोपरा सारखा दुमडत होती आणि पुन्हा सरळ करत होती. ज्या कुटुंबाकडे ती काम करत होती ते तिच्या पुढच्याच बाकावर बसले होते, आणि ही गोष्ट सभेतल्या बहुतेकांना ठाऊक होती. पाळकसाहेबांनी मनापासून प्रार्थना केली, सर्वांनी ‘आमेन’ म्हटले, पुढच्या बाकावरूनही ‘आमेन’ आले, आणि सभा पुढच्या विनंतीकडे वळली.

त्या प्रार्थनेत खोटेपणा होता असे मी म्हणणार नाही. देवाकडे मागणे योग्यच होते. पण ज्या उत्तरासाठी आपण देवाची याचना करत होतो ते हाताच्या अंतरावर बसलेले असताना, त्याला उद्देशून एक शब्द बोलणे म्हणजे सभेचे आध्यात्मिक वातावरण बिघडवणे, हे आपल्या मनात इतके पक्के कसे बसले? वडीलमंडळींपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपुढे, विषय काढला तेव्हा ‘मंडळी तारणासाठी आहे, हिशेबासाठी नाही’ असे उत्तर मिळाले. ते देणारी माणसे निष्ठावंत आणि प्रेमळ आहेत, म्हणून तर ते उत्तर मला सहज बाजूला सारता येत नाही.

दीपस्तंभ

ख्रिस्तात सप्रेम सलाम. धागाकर्त्या बंधूंनी प्रामाणिकपणे विचारले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो.

मजुरी अडवून ठेवणे हे पाप आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. वडिलांपैकी कोणीतरी त्या कुटुंबाकडे जाऊन एकांतात बोलायला हवे होते, आणि ते झाले नसेल तर ती पाळकीय सेवेतली कसूर आहे. माझी हरकत त्यापुढच्या पायरीला आहे. एका कुटुंबाच्या पापावरून आपण जेव्हा ‘सामाजिक न्याय’ या व्यापक भाषेकडे जातो, तेव्हा पापाचा पत्ता हळूहळू बदलतो. ते माणसाच्या हृदयातून निघून व्यवस्थेत जाऊन राहते, आणि मग पश्चात्तापाची हाक देण्याऐवजी आपण मागण्यांची यादी वाचू लागतो. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिले की सर्वांनी पाप केले आहे आणि सर्व जण देवाच्या गौरवाला अंतरले आहेत. अन्याय करणारे आणि अन्याय सोसणारे अशा दोनच रांगा एकदा मनात उभ्या राहिल्या की या ‘सर्वांनी’ला अर्थ उरत नाही, आणि सोसणाऱ्याला स्वतःसाठीही कृपेची गरज आहे हे सांगण्याचे धैर्य आपण गमावतो.

दुसरी भीती अनुभवातून आलेली आहे. उपदेशाची जागा निवेदनाने घेतलेली मी पाहिली आहे. तिथे वधस्तंभ हे एका थोर संघर्षाचे उदाहरण झाले होते, आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसाला पापक्षमेची व पुनरुत्थानाची खात्री देण्याची वेळ आली तेव्हा त्या उपदेशकाजवळ बोलायला काही उरले नव्हते. ‘माझे राज्य या जगाचे नाही’ हे प्रभूने रोमी सुभेदार पिलातासमोर सांगितले. ते वाक्य वगळून उभारलेला न्याय कितीही चांगला असला तरी तो शुभवर्तमान नव्हे.

वचनवाचक

दीपस्तंभ बंधूंच्या भीतीत तथ्य आहे, परंतु ‘हृदय आधी, व्यवहार नंतर’ अशी जी क्रमवारी ते गृहीत धरतात ती पवित्र शास्त्रात मला सापडत नाही.

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय सलग वाचून पाहावा. ‘आपल्यासारखी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा आपण नेहमी सुटी पाठ करतो, पण ती तिथे सुटी आलेली नाही. तिच्या अलीकडे शेताच्या कडा पूर्ण कापू नका आणि पडलेली कणसे वेचू नका ही आज्ञा आहे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका ही आज्ञा आहे, न्याय करताना गरिबाची गय करू नका आणि थोराची भीड बाळगू नका ही आज्ञा आहे. तिच्या पलीकडे, त्याच अध्यायाच्या शेवटी, खरी मापे आणि खरी वजने ठेवण्याची आज्ञा आहे. प्रीती म्हणजे काय हे सांगण्यासाठी नियमशास्त्राने मनातल्या भावनेचे वर्णन केलेले नाही; मजुरी, वजने आणि शेताच्या कडा यांविषयी सांगितले आहे. आणि शेताच्या कडांवर गरिबाचा हक्क आहे. मालकाने कापणी करून, गरिबाला दारात बोलावून, मेहेरबानी म्हणून धान्य द्यावे असे तिथे म्हटलेले नाही. गरिबाने स्वतः शेतात यावे आणि स्वतःच्या हाताने वेचावे, अशी ती योजना आहे. रूथ ही गरीब विधवा बवाजाच्या शेतात शिरली ती याच हक्काने.

‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात याच मजुरीबद्दल एक गंभीर वाक्य आहे. सूर्य मावळण्यापूर्वी मजुराला त्याची मजुरी दे, नाही तर तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराला हाक मारील आणि तुला पाप लागेल, अशा आशयाचे. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या सभेत नेमके तेच घडले, म्हणजे परमेश्वराला हाक मारली गेली. आपण ती हाक प्रार्थनेची विनंती म्हणून ऐकली. शास्त्राच्या हिशेबी ती फिर्यादही होती. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवलेली मजुरीच ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. तेव्हा हा केवळ जुन्या कराराचा विषय आहे असेही म्हणता येत नाही.

माझ्या मते या संपूर्ण वादाचा कस यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात लागतो. यहोयाकीम राजा कामगारांना मजुरी न देता गंधसरूचे तक्ते लावलेला वाडा बांधतो आहे, आणि संदेष्टा त्याला त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण देतो. त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला, असे सांगून परमेश्वर विचारतो की, मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय? इथे न्याय हे देवाला ओळखल्याचे फळ आहे असेसुद्धा म्हटलेले नाही. न्याय करणे हेच ओळखणे आहे असे म्हटले आहे. या वाक्यापुढे मी दर वेळी थांबतो, कारण माझ्या वाचनात, उपासनेत आणि अभ्यासात देवाची जी ओळख आहे तिला हे वाक्य पुरेसे मानत नाही.

आता दीपस्तंभ बंधूंच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे, आणि ती जक्कय या जकातदाराच्या गोष्टीत दिसते. येशू आधी त्याच्या घरी जातो. जक्कयाने काहीही परत करण्याआधी जातो. कृपा पहिली आहे. परंतु ‘आज या घराला तारण झाले आहे’ हे शब्द केव्हा येतात? जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे सर्वांसमक्ष जाहीर करतो, त्यानंतर. त्याने एकांतात क्षमा मागितली आणि पैसे ठेवून घेतले, अशी गोष्ट लूकने लिहिलेली नाही.

इतिहासप्रेमी

वचनवाचक यांनी शास्त्र मांडले आहे. तेच शास्त्र हातात असताना ख्रिस्ती लोकांनी काय काय केले, याची आठवण या चर्चेत असायला हवी असे वाटते.

ब्रिटिश साम्राज्यातला गुलामांचा व्यापार १८०७ साली कायद्याने बंद झाला. त्यासाठी लढलेले खासदार विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांचे सहकारी यांची श्रद्धा व त्यांचा लढा वेगळे काढता येत नाहीत, आणि हे उदाहरण आपण अभिमानाने देतो. पण त्याच १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिज बेटांवरील गुलामांसाठी पवित्र शास्त्रातील निवडक भागांची एक आवृत्ती छापली गेली. तिच्यातून इस्राएलाच्या मिसर देशातील सुटकेची कथा वगळलेली होती. ख्रिस्तात दास किंवा स्वतंत्र असा भेद नाही हे गलतीकरांस पत्रातील वचन वगळलेले होते. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हे वचन मात्र जागेवर होते. शास्त्रातून न्याय काढून टाकायचा तर किती पाने फाडावी लागतात हे ती आवृत्ती दाखवते. जुन्या कराराचा बहुतेक भाग तिच्यात नाही.

त्याहून क्लेशदायक उदाहरण बार्बाडोसच्या कॉड्रिंग्टन मळ्यांचे आहे. मृत्युपत्राने मिळालेले हे मळे चर्च ऑफ इंग्लंडच्या एका सुवार्ताप्रसारक संस्थेच्या मालकीचे होते आणि तिथे गुलाम राबत होते. काही काळ त्यांच्या अंगावर संस्थेच्या नावाचा डाग दिला जात असे. ज्या संस्थेने आत्म्यांच्या तारणाची काळजी वाहायची, तिनेच ते केले. चर्च ऑफ इंग्लंडने २००६ साली या सहभागाबद्दल क्षमा मागितली. गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ साली झाला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली. ज्यांनी आयुष्यभर राबून दिले त्यांच्या हाती काहीच पडले नाही.

दीपस्तंभ बंधू म्हणतात की व्यवस्थेच्या भाषेत पापाचा पत्ता बदलतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चचा इतिहास मला उलट दिशेने बोलताना दिसतो. १८५७ साली त्या चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, ठरवले की सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे, परंतु ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळ्या उपासनेला मुभा द्यावी. कोणाचे मन दुखावू नये म्हणून दिलेली ती सवलत होती. १८८१ साली वेगळे मिशन चर्च स्थापन झाले. पुढे त्याच वेगळेपणाला ईश्वरी योजनेचे रूप दिले गेले, आणि १९४८ नंतर वंशभेदाचे राज्य उभे राहिले तेव्हा त्याचे धर्मशास्त्र तयार होते. प्रत्येक टप्प्यावर हृदयाच्या पश्चात्तापाचे उपदेश चालूच होते. ज्या मिशन चर्चला वेगळे काढले त्याच चर्चने १९८२ साली बेलहार येथे विश्वासाच्या घोषणापत्राचा मसुदा केला आणि १९८६ साली तो स्वीकारला. अन्यायाच्या जगात देव विशेषेकरून निराधारांचा, गरिबांचा आणि अन्याय सोसणाऱ्यांचा देव आहे, असे त्यात कबूल केले आहे. ते राजकीय ठरावाच्या भाषेत लिहिलेले नाही. पित्यावर, पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावरच्या विश्वासाच्या भाषेत लिहिलेले आहे, आणि मंडळीची फूट हे त्यात पाप मानले आहे.

अमेरिकेत वंशभेदाविरुद्ध लढणारे पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्रही आठ धर्मगुरूंना उद्देशून होते. ती माणसे वंशद्वेष्टी म्हणून ओळखली जात नव्हती. त्यांना फक्त घाई नको होती.

पायवाट

मी मंडळीत वाढलो, पण आता माझी श्रद्धा उरलेली नाही. तरीही हा धागा आस्थेने वाचतो आहे. माझा प्रश्न साधा आहे. मजुरी अडवणे चुकीचे आहे हे कळण्यासाठी यिर्मया कशाला हवा? कामगार संघटनेतला कोणताही कार्यकर्ता हे चार वाक्यांत सांगेल, आणि सभेत गप्पही बसणार नाही. श्रद्धेचा उपयोग न्यायासाठी जितका झाला तितकाच न्याय लांबवण्यासाठीही झाला, हे इतिहासप्रेमींनी दाखवलेच आहे. मग श्रद्धेमुळे न्यायाच्या कामात भर कोणती पडते?

जैतून

पायवाट यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. मी कॅथलिक परंपरेतून लिहिते.

अन्याय ओळखण्यासाठी श्रद्धा असलीच पाहिजे असा दावा मी करणार नाही. आमच्या परंपरेने नवा काही शोध लावला असेही नाही; पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावरचे परिपत्र १८९१ मध्ये काढले, तोपर्यंत कारखान्यांतल्या माणसांची कित्येक दशके पिळवणूक झालेली होती आणि इतरांनी त्यावर पुष्कळ आधी आवाज उठवला होता. चौथ्या शतकात धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्टम श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या दाखल्यावर बोलताना म्हणत होता की, आपल्या संपत्तीतून गरिबाला न देणे ही चोरीच आहे. इतके स्पष्ट शिक्षण असूनही आम्हांला उशीर झाला.

तरीही भर पडते असे मला वाटते, आणि ती कुठे पडते हे ऑस्कर रोमेरो यांच्याकडे पाहून समजते. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर देशात सान साल्वाडोरचे आर्चबिशप म्हणून १९७७ साली त्यांची निवड झाली तेव्हा ते सावध, जुन्या वळणाचे आणि कोणालाही अडचणीत न आणणारे धर्मगुरू मानले जात होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांची दोन सोबत्यांसह हत्या झाली. त्यानंतर रोमेरो मिसेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, प्रवचनात त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावे वाचू लागले. २३ मार्च १९८० रोजी त्यांनी सैनिकांना उद्देशून सांगितले की, तुम्ही आपल्याच लोकांना मारत आहात, देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणारी आज्ञा पाळण्याचे बंधन कोणत्याही सैनिकावर नाही, दडपशाही थांबवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये मिसा अर्पण करत असताना त्यांना गोळी घातली गेली.

ते त्या सैनिकांना भाऊ म्हणून हाक मारत होते. ही हाक डावपेच म्हणून मारता येत नाही. मारणाऱ्याच्याही आत्म्याची काळजी वाहत त्याच्या कृत्याला ठाम नकार देणे, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसण्यासाठी जे लागते ते मला श्रद्धेत सापडते. शिवाय दीपस्तंभ बंधूंनी आठवण दिलेले ‘सर्वांनी पाप केले आहे’ हे वचन इथे न्यायाच्या विरोधात उभे राहत नाही, ते न्यायाचे रक्षण करते. आज ज्यांच्या बाजूने मी उभी आहे ते उद्या सत्तेवर आले तर तेही अन्याय करू शकतात, आणि मीही करू शकते, हे ज्या चळवळीला माहीत नसते ती जिंकल्यानंतर भयंकर होते.

रोमेरोंना २०१८ साली संत घोषित केले गेले. त्याआधी कितीतरी वर्षे ‘ते श्रद्धेसाठी मेले की राजकारणासाठी’ या वादात त्यांचे प्रकरण अडले होते. या धाग्याचा विषय तोच आहे.

सायंतारा

मी समुपदेशनाचे काम करते. या चर्चेत एक बाजू अजून आलेली नाही, आणि ती क्षमेची आहे.

घरात मारहाण सोसणारी एक स्त्री माझ्याकडे आली होती. तिने आपले पवित्र शास्त्र सोबत आणले होते, आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायातले ‘सातांच्या सत्तर वेळा’ हे वचन तिने अधोरेखित केलेले होते. रेघ इतक्या वेळा गिरवली होती की कागद तिथे पातळ झाला होता. प्रत्येक वेळी मंडळीतून तिला हेच वचन सांगून घरी पाठवले गेले होते. मी तिला त्याच पानावर थोडे वर वाचायला सांगितले. तुझ्या भावाने अपराध केला तर एकांतात सांग; ऐकले नाही तर साक्षीदार घेऊन जा; तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव; आणि मंडळीचेही ऐकले नाही तर तो तुला परक्यासारखा होवो. हा भाग कोरा होता. तो तिला कोणी वाचून दाखवलाच नव्हता.

म्हणून दीपस्तंभ बंधूंना मी आदराने सांगू इच्छिते की ‘एकांतात बोलायला हवे होते’ हा सल्ला अर्धा आहे. एकांत ही पहिली पायरी आहे आणि प्रभूने त्यापुढच्या पायऱ्याही सांगून ठेवल्या आहेत. जिथे एक बाजू दुसरीला मारू शकते किंवा कामावरून काढू शकते, तिथे पहिली पायरी सोसणाऱ्या व्यक्तीने एकटीने चढावी अशी अपेक्षा तर मुळीच ठेवू नये. कोणीतरी तिच्यासोबत जायला हवे. क्षमा हे दान आहे, ते मनात पिकायला वेळ लागतो, आणि ते मंडळीने तिच्याकडून वसूल करायचे नसते. मनापासून क्षमा करूनही ती त्या घरात परत न जाण्याचा निर्णय घेऊ शकते. दक्षिण आफ्रिकेत वंशभेदाचे राज्य संपल्यावर आर्चबिशप डेझ्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोगाचे काम झाले, तेव्हाही सत्य आधी बोलले जावे असा आग्रह होता. नुकसानभरपाई तुटपुंजी आणि उशिरा मिळाल्याची तक्रार पीडितांनी पुढे केली. ती तक्रारही त्या समेटाचाच भाग म्हणून ऐकली पाहिजे.

दीपस्तंभ

सायंतारा ताई, आपले म्हणणे मला पटले आहे. एकांताचा सल्ला बहुधा बलवानाच्या सोयीचा ठरतो, आणि तो देताना पुढच्या पायऱ्या सांगणे पाळकाचे कर्तव्य आहे.

माझी मूळ चिंता मात्र कायम आहे, आणि ती केवळ माझी नाही. १९७४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जगभरातले सुवार्तिक एकत्र आले तेव्हा त्यांच्या करारनाम्यात ही दोन्ही टोके धरून ठेवलेली आहेत. सुवार्ता आणि सामाजिक काळजी यांना परस्परविरोधी मानल्याबद्दल तिथे पश्चात्ताप व्यक्त केला आहे आणि दोन्ही ख्रिस्ती कर्तव्याचे भाग आहेत असे म्हटले आहे. परंतु माणसाचा माणसाशी समेट म्हणजे देवाशी समेट नव्हे, आणि राजकीय मुक्ती म्हणजे तारण नव्हे, हेही स्पष्ट लिहिले आहे. या दुसऱ्या वाक्याचा आग्रह मी सोडणार नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत जवळचे वाटते. दुष्काळातून वाचवलेल्या स्त्रियांना आणि मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आसरा दिला, शिकवले, हाताला काम दिले. स्त्रियांच्या स्थितीबद्दल त्या ज्या निर्भीडपणे बोलल्या तसे त्या काळी फार थोडे बोलले. आणि त्याच रमाबाई आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करत होत्या, त्याच मुक्तिसदनात १९०५ साली मोठे आध्यात्मिक संजीवन झाले. त्यांच्याकडे प्रार्थनेचा वेळ आणि न्यायाचा वेळ असे दोन तक्ते नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि त्याची छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यात झाली होती. अशी मंडळी मला चालेल. जिथे छापखाना राहतो आणि प्रार्थना जाते, किंवा प्रार्थना राहते आणि छापखाना जातो, तिथे मला धोका दिसतो.

मोहरीचा दाणा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. बराच विचार करून लिहितो आहे.

‘मंडळी तारणासाठी आहे, हिशेबासाठी नाही’ या उत्तराला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात उत्तर आहे असे मला आता वाटते. पहिल्या मंडळीतच तक्रार उठली होती. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होत होती. हा नेमका हिशेबाचा प्रश्न होता, आणि त्याला भाषेच्या भेदाची किनार होती. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही, ‘आपण यासाठी प्रार्थना करू’ असे म्हणून सभाही पुढे नेली नाही. त्यांनी सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे, नावांवरून दिसते त्याप्रमाणे, ज्या गटाची तक्रार होती त्याच गटाच्या हाती वाटपाची व्यवस्था सोपवली गेली. इथे दयाबुद्धी आणि न्याय यांतला फरक मला स्पष्ट दिसतो. विधवांना एकदा जास्तीचे अन्न दिले असते तर ती दया झाली असती आणि पुढच्या वेळी पुन्हा कोणाच्या तरी मर्जीवर त्या अवलंबून राहिल्या असत्या. प्रेषितांनी निर्णयाचा अधिकार हलवला.

आणि दीपस्तंभ बंधू, याच अध्यायात प्रेषित म्हणतात की आम्ही प्रार्थनेत आणि वचनाच्या सेवेत तत्पर राहू. म्हणजे आपला आग्रहही तिथे जसाच्या तसा आहे. त्यानंतर देवाच्या वचनाचा प्रसार झाला आणि शिष्यांची संख्या वाढली असे लूक लिहितो. वाटपाची व्यवस्था नीट लागल्यामुळे उपदेश थांबला नाही. त्या सातांतला स्तेफन तर पुढे उपदेशामुळेच हुतात्मा झाला; वाटपासाठी नेमलेला माणूस वचनाची सेवा करत होता.

या उजेडात आमच्या वडीलमंडळींपुढे मी तीन गोष्टी लेखी ठेवणार आहे. मंडळी स्वतः ज्यांना कामावर ठेवते, म्हणजे साफसफाई करणारे, राखणदार, वाद्ये वाजवणारे, त्यांची मजुरी ठरल्या दिवशी दिली जावी आणि त्याचा हिशेब वार्षिक सभेत वाचला जावा. इतरांना सांगण्याआधी हे हवे. सदस्यांमधल्या अशा तक्रारी ऐकण्यासाठी एक छोटी समिती असावी, तिच्यात मजुरी करणारे सदस्य निम्म्याहून कमी नसावेत, आणि तक्रार घेऊन जाताना समितीतले कोणीतरी सोबत असावे, म्हणजे सायंतारा ताईंनी सांगितलेली पायरी कोणाला एकट्याने चढावी लागणार नाही. तिसरी गोष्ट प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, तयारीची आहे. करिंथकरांस लिहिताना पौल रागावतो तो एक भुकेला आणि दुसरा मस्त अशा पंगतीमुळे. आत्मपरीक्षणाचा जो उतारा आपण प्रभुभोजनाआधी वाचतो तो या रागातूनच आलेला आहे. तेव्हा आत्मपरीक्षणाच्या वेळी आपण कोणाचे देणे थकवले आहे काय, हा प्रश्न पाळकसाहेबांनी मोठ्याने विचारावा.

पायवाट, आपण विचारलेल्या प्रश्नावर जैतून ताईंनी दिलेल्या उत्तराहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही. इतकेच म्हणेन की संघटनेचा कार्यकर्ता सभेत गप्प बसला नसता हे खरे आहे, आणि ते आम्हांला लागले पाहिजे.

दीपस्तंभ

पहिल्या दोन प्रस्तावांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिसऱ्याबद्दल एक सूचना करतो. प्रश्न विचारल्यानंतर पुरेसा वेळ शांत राहावे, आणि ज्याला देणे फेडायचे आहे त्याने त्या रविवारी भाकर न घेता आधी जाऊन ते फेडले तर त्याकडे कोणी संशयाने पाहू नये. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहेच.

आपला मतभेद जिथे उरतो ते नोंदवतो. मंडळीने आपल्या सदस्यांच्या व्यवहाराबद्दल बोलावे हे मी मान्य केले. परंतु राज्याच्या कायद्यांबद्दल मंडळीने मंडळी म्हणून बोलावे का, याबद्दल मी अजूनही साशंक आहे.

मोहरीचा दाणा (धागाकर्ता)

शांत वेळेची सूचना स्वीकारतो, मसुद्यात घालतो.

कायद्याबद्दल मी एवढेच म्हणेन की पक्ष आणि कायदा यांत भेद करावा. कोणाला मत द्यावे हे व्यासपीठावरून सांगणे मलाही अयोग्य वाटते, कारण त्यामुळे मंडळी एखाद्या पक्षाची बांधील होते आणि उद्या त्याच पक्षाला जाब विचारण्याची तिची मोकळीक जाते. पण जर्मन पाळक आणि धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३३ साली, नाझी राज्याच्या आरंभीच, चर्चपुढे तीन कर्तव्ये ठेवली होती: राज्याला त्याच्या कृतीबद्दल प्रश्न विचारणे, राज्याच्या कृतीखाली सापडलेल्यांना ते ख्रिस्ती नसले तरी साहाय्य करणे, आणि वेळ आली तर चाकाखालच्या जखमींची मलमपट्टी करण्यावर न थांबता चाकच अडवणे. तिसऱ्याबद्दल आपण दोघे बराच वेळ बोलू शकू, आणि ते केव्हा करावे हे ठरवणे अतिशय कठीण आहे हे मला मान्य आहे. पहिल्या दोहोंबद्दल आपली शंका नेमकी कोणती आहे, ते सवडीने लिहावे.